मशीन कपाटावर का गेलं?

श्वास आणि झोप : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देत आहेत साताऱ्यात प्रॅक्टिस करणाऱ्या छातीविकारतज्ज्ञ डॉक्टर)

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझे मिस्टर ५३ वर्षांचे आहेत, साखर कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. घोरणं लग्नापासूनच आहे, पण दोन-तीन वर्षांपासून झोपेत मध्येच श्वास थांबतो. मी हलवून उठवते. गेल्या दिवाळीनंतर झोपेची टेस्ट केली, रिपोर्टवर ४२ आकडा आला. सोसायटीतून कर्ज काढून ५२ हजारांचं सी-पॅप मशीन, झोपेत मास्कमधून हवा देणारं, घेतलं. आठवडाभर लावलं. मग नाक सुकतं, जीव गुदमरतो, सकाळी नाकावर वळ उठलेले असतात म्हणून काढून ठेवलं. आता ते कपाटावर पडून आहे. बीपीच्या गोळ्या तीन झाल्या तरी बीपी चढलेलंच. मी मशीनचं नाव काढलं की चिडतात, रोज भांडण होतं. मशीन विकून टाकावं का?
— एक वाचक भगिनी, कराड तालुका

उत्तर : ताई, मशीन विकू नका. आणि तुमचे मिस्टर हट्टी आहेत असंही मला तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. नाक सुकणं, गुदमरणं, वळ उठणं या त्यांच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्हींवर उपाय आहेत. मला वाईट वाटतं ते याचं, की मशीन घरी पोचवल्यानंतर त्या पहिल्या आठवड्यात कुणीही फोन करून ‘झोप लागली का?’ असं त्यांना विचारलेलं दिसत नाही. मशीन कपाटावर जातं ते बहुतेक वेळा याच आठवड्यात. डॉक्टर म्हणतात डीलर बघेल, डीलर म्हणतो डॉक्टरांना विचारा, आणि रुग्ण रात्री दोन वाजता पट्टे सोडून मोकळा होतो.

आधी तो ४२ आकडा. या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणं. झोपेच्या दर तासाला त्यांचा श्वास सरासरी ४२ वेळा, प्रत्येक वेळी किमान दहा सेकंद, थांबतो किंवा फार उथळ होतो. पाचच्या आत असेल तर ठीक, तिसाच्या वर गेला की आजार तीव्र. प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, अंगात ताणाचे हार्मोन्स सुटतात. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही, पण रक्तवाहिन्यांवर रात्रभर मारा झालेला असतो. तीन गोळ्यांनाही न बधणारं बीपी पाहिलं की मी पहिला प्रश्न झोपेचाच विचारते. मशीन नीट वापरलं तर गोळ्या सुटतील असं वचन मी देणार नाही. बीपी बहुधा थोड्याच अंकांनी उतरतं. पण तुमच्या मिस्टरांसारख्या, गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांत ते उतरण्याची शक्यता जास्त असते.

या मशीनमधून ऑक्सिजन मिळतो असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. ते खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबाने नाकातून आत सोडतं. दुधाच्या रिकाम्या पिशवीतली हवा ओढून घेतली की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात, झोपेत सैल पडलेल्या घशाचं तसंच होतं. हवेचा दाब घसा आतून उघडा धरतो, एवढंच त्याचं काम. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही युक्ती पाच रुग्णांवर करून पाहिली आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्याआधी तीव्र आजाराच्या रुग्णाला गळ्याला भोक पाडून नळी बसवण्यावाचून फारसा इलाज नव्हता. दाब सोसण्याजोगा हवा, मास्क चेहऱ्याला बसणारा हवा आणि तो रात्रभर टिकायला हवा. अडतं ते या तीन जागी.

आता नाक सुकणं. मशीनला पाण्याची टाकी, म्हणजे ह्युमिडिफायर, जोडलेली आहे का ते आज बघा. असून कोरडी ठेवलेली, किंवा आकडा एकवरच सोडलेला, असं मला सतत दिसतं. टाकीत औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घाला. एखाद्या दिवशी मिळालं नाही तर उकळून गार केलेलं चालेल. बोअरचं पाणी नको, तळाशी पांढरा थर धरतो. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी श्वासासाठी बनवलेलं नसतं, तेही नको. पाणी रोज बदला, टाकी धुऊन वाळवा. तुम्ही खाली गादी घालून झोपत असाल तर मशीन जमिनीलगत बुटक्या पाटावर ठेवा. फळीवर उंच ठेवलं तर नळीत साचलेलं पाणी रात्री नाकात उतरतं, आणि माणूस दचकून मास्क फेकतो.

नाक सुकण्याचं दुसरं कारण म्हणजे उघडं तोंड. हवा नाकातून शिरते, तोंडावाटे सुटते, आणि ह्युमिडिफायर कितीही वाढवला तरी घशाला कोरड पडते. तुम्ही शेजारी झोपता, तुम्हाला ते दिसलं असेल. तोंड उघडं राहत असेल तर आधी नाक मोकळं करायला हवं. कारखान्याच्या भुशात, धुरात काम करणाऱ्याचं नाक चोंदलेलं असणं नवल नाही. मिठाच्या पाण्याचा स्प्रे, गरज पडली तर ॲलर्जीचा स्प्रे, नाकाचं हाड वाकडं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला. तरीही तोंड उघडंच राहिलं तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क.

गुदमरणं मात्र मला सविस्तर सांगावं लागेल, कारण याच तक्रारीवर सगळ्यात चुकीचा सल्ला दिला जातो. ‘सवय होईल’ म्हणून सोडून देतात. गुदमरण्याची कारणं एकमेकांच्या उलट असू शकतात. काहींना दाब जास्त होतो, श्वास सोडताना भिंतीवर फुंकर मारल्यासारखं वाटतं. अशांसाठी श्वास सोडताना दाब उतरवणारी सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, ती चालू करावी लागते. पण धिप्पाड माणसाला उलट वाटतं, हवा पुरतच नाही. कारण झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढावा म्हणून मशीन रॅम्पवर ठेवलेलं असतं, आणि तो रॅम्प बहुधा दाबाच्या चार आकड्यापासून सुरू होतो. चारवर मोठ्या छातीच्या माणसाला हवा अपुरी वाटते. सुरुवात सहावर नेली की त्याच रात्री फरक पडल्याचं मी पाहिलं आहे. तुमच्या मिस्टरांना नेमकं काय होतं, हवा अंगावर येते की कमी पडते, हे त्यांना शांतपणे विचारा आणि डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा.

आणि रात्री एकदम मास्क चढवून दिवा घालवायचा, हे नको. आधी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून, पट्टे न लावता, हाताने मास्क नाकावर धरायचा, मशीन चालू ठेवून. हवं तेव्हा काढता येतो हे कळलं की भीती निम्मी होते. मग पट्टे लावून बसून. मग दुपारच्या डुलकीला. मग रात्री. शिफ्टवाल्या माणसाने एक ध्यानात ठेवावं : रात्रपाळी करून दिवसा झोपले तरी मशीन लावायचंच. घसा रात्र-दिवस बघत नाही.

वळ उठतात म्हणजे मास्क फार आवळलेला आहे. हवा सुटते म्हणून माणूस पट्टे आवळतो, आवळल्याने मास्कची मऊ गादी चपटी होते, आणि हवा आणखी सुटते. मास्क बसवायचा तो आडवं झोपून, मशीन चालू असताना, पट्टे सैल ठेवून सुरुवात करून. उभं राहून आरशात बसवलेला मास्क उशीवर डोकं टेकताच सरकतो. साईजही तपासा. एकाच कंपनीत लहान, मध्यम, मोठी अशी मापं असतात आणि दुकानात पुष्कळदा हाताला लागेल ती दिली जाते. झाकणाऱ्या मास्कला मिशी दाट असेल तर अडचण येते, नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क अशांना बरा. आणखी एक, आपल्याकडचंच : रात्री डोक्याला खोबरेल तेल चोपडून झोपायची सवय असेल तर ती सकाळी आंघोळीआधीवर न्या. तेल पट्ट्यांत मुरतं, सिलिकॉनवर चढतं, मास्क घसरतो आणि लवकर खराब होतो. मास्कची गादी रोज साध्या साबणाच्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची.

आता डॉक्टरांकडे जाताना मशीन पिशवीत घालून बरोबर न्या. मी माझ्या ओपीडीत मशीनशिवाय आलेल्याला पुन्हा पाठवते. त्यातल्या कार्डावर किंवा ॲपवर तीन गोष्टी दिसतात : किती तास लावलं, हवा किती गळली, आणि मशीन लावूनही श्वास तासाला किती वेळा थांबला. हा शेवटचा आकडा पाचच्या आत यायला हवा. आकडे हातात आले की वाद ‘तुम्ही लावतच नाही’ वरून ‘मास्क गळतोय’ वर येतो, आणि त्यावर काहीतरी करता येतं.

किती तास लावावं? झोपाल तेवढे सगळे. कमीत कमी चार तास हा आकडा सगळीकडे ऐकू येतो, पण चार ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. सात देशांत, भारतही त्यात होता, हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २७०० हून अधिक रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सी-पॅपने पुढचे हार्टॲटॅक आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. त्या रुग्णांनी मशीन सरासरी ३.३ तासच लावलं होतं. दिवसाची झोपाळू अवस्था आणि मनःस्थिती मात्र तेवढ्यानेही सुधारली. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत पुष्कळांचा श्वास सगळ्यात जास्त थांबतो, आणि मध्यरात्री मास्क काढणाऱ्याची नेमकी तीच झोप उघडी राहते.

भांडणाचं सांगते. तुम्ही पहारा करू नका. ‘लावलं का?’ विचारण्याऐवजी सकाळी ‘नाक कसं आहे?’ विचारा. पट्टे बसवायला मदत करा, पाणी भरा. दोन-तीन आठवड्यांत तोडगा निघाला नाही तर मास्क बदलून बघा, तरीही नाही तर डॉक्टरांशी बायपॅपविषयी, म्हणजे श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणाऱ्या मशीनविषयी, बोला. तोपर्यंत कुशीवर झोपवा, झोपेच्या गोळ्या आणि दारू पूर्ण बंद, आणि रात्रपाळीनंतर मोटारसायकल त्यांना एकट्याने चालवू देऊ नका. हे शेवटचं मी विनंती म्हणून लिहीत नाही.

प्रश्न : वडील ६० वर्षांचे, सोलापुरात रिक्षा चालवतात. सिग्नलला डुलकी लागते. लॅबमधली टेस्ट आणि मशीन मिळून ६० हजारांच्या पुढे खर्च सांगितला. मेडिक्लेमवाले म्हणतात, घरी ठेवायचं मशीन पॉलिसीत बसत नाही. आम्ही काय करायचं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सिग्नलला डुलकी लागणं म्हणजे उद्या चालत्या रिक्षात लागणं. तेव्हा पहिलं काम, उपचार सुरू होईपर्यंत लांबची आणि रात्रीची भाडी बंद.

टेस्टसाठी रुग्णालयात झोपलंच पाहिजे असं नाही. वडिलांसारखी ठळक लक्षणं असतील आणि हृदयाचा, फुफ्फुसाचा मोठा आजार नसेल, तर घरी करायची छोटी टेस्ट पुरते. नाकाशी एक नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप. ती लॅबच्या टेस्टपेक्षा बरीच स्वस्त पडते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीविकार विभागातही आधी चौकशी करा. वडील कधी कामगार राज्य विमा योजनेत (ईएसआयसी) असतील किंवा घरात कुणी केंद्र सरकारचं निवृत्तिवेतन घेत असेल तर तोही मार्ग तपासा. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत तज्ज्ञांच्या शिफारशीने आणि आधी परवानगी घेऊन सी-पॅपची रक्कम ठरलेल्या मर्यादेत मिळते.

मशीन विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने घ्या. भाडं आणि अनामत किती, आणि पुढे तेच मशीन घेतलं तर भाडं किमतीतून वळतं होईल का, हे आधीच लिहून घ्या. पैसे कमी असतील तर कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे स्पष्ट सांगते. आपोआप दाब बदलणारं मशीन सोयीचं, पण दाब एकदा नीट ठरला असेल तर ठरावीक दाबाचं साधं मशीनही काम करतं आणि त्यात पैसे वाचतात. रंगीत स्क्रीन नको. तास आणि गळती नोंदवणारं मशीन मात्र हवंच. आणि मास्कवर काटकसर नको. महाग मशीनला न बसणारा मास्क जोडला तर ते मशीन वाया जातं. डीलरशी सौदा करताना दोनशे-पाचशे कमी करून घेण्यापेक्षा ‘पंधरा दिवसांत मास्क बदलून द्याल का, आणि पहिल्या आठवड्यात माणूस घरी पाठवाल का’ हे पावतीवर लिहून घ्या. साफसफाईचं ओझोनचं यंत्र गळ्यात मारू पाहतील, ते घेऊ नका. साबण-पाणी पुरतं.

मेडिक्लेमवाल्यांचं उत्तर माझ्या रुग्णांनाही मिळतं. पॉलिसी आणि बहुतेक सरकारी योजना रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेल्या आहेत. याच आजारामुळे उद्या पक्षाघात झाला, तर आयसीयूचं बिल त्यात बसेल. मूळ आजारावरचं यंत्र बसत नाही. हे मला पटत नाही आणि पटवून घ्यायची माझी तयारीही नाही. हा श्रीमंतांचा आजार आहे असं समजून तो मागे ठेवला जातो. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या तपासणीला आलेल्या पुरुषांचा अभ्यास केला होता. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंदाजाने १९.५ टक्के पुरुषांचा झोपेतला श्वास बिघडलेला होता आणि ७.५ टक्के जणांना त्याच्या जोडीने दिवसाची झोपही छळत होती. हे लोक आजारी म्हणून आलेले नव्हते. डायलिसिस मोफत देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ मध्ये आपण सुरू करू शकलो, तर जिल्हा रुग्णालयातून सी-पॅप भाड्याने देणारी खिडकी का उघडू शकत नाही? तुमच्या आमदारांना पत्र लिहिणार असाल तर वैद्यकीय बाजू लिहून द्यायला मी तयार आहे. संपादकांकडे तुमचा पत्ता ठेवा.

प्रश्न : मी ३१ वर्षांची. पीसीओडी आहे, वजन जास्त. घोरणं फार नाही, पण सकाळी डोकं दुखतं, दिवसभर थकवा. टेस्टमध्ये १९ आलं, सी-पॅप सांगितलं. मे महिन्यात लग्न आहे. आई म्हणते, सासरी मशीन दिसायला नको. इंजेक्शन घेऊन वजन उतरवलं तर मशीन टळेल का?
— नाव-गाव छापू नये

उत्तर : तुमची टेस्ट झाली याचाच मला आनंद आहे. बायका घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत, थकवा, डोकेदुखी, तुटक झोप सांगतात, आणि त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या देऊन परत पाठवलं जातं. पीसीओडीमध्ये हा आजार जास्त आढळतो.

वजन उतरलं की आकडा उतरतो, हे खरं. टिरझेपाटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये, लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी मान्यता मिळाली. भारतात ते मार्च २०२५ पासून मिळतं. पण परिणामाला महिने लागतात, खर्च मोठा आहे, आणि लवकर मूल हवं असेल तर ते चालणार नाही, त्यासाठी ते आधीच थांबवावं लागतं. तेव्हा वजनाचं काम चालू ठेवा, मशीनही लावा, आणि वजन चांगलं उतरलं की पुन्हा टेस्ट करून ठरवा. जबडा पुढे धरणारं, दंतवैद्याने बनवलेलं साधन १९ आकड्याला कधी कधी पुरतं. तेही विचारा.

आईंची काळजी मी समजू शकते. पण लपवलेलं मशीन वापरलं जात नाही. त्या मुलाला लग्नाआधी तुम्ही स्वतः सांगा. हवं तर दोघं मिळून एखाद्या डॉक्टरांना भेटा, मशीन किती छोटं आणि किती कमी आवाजाचं असतं ते त्याला प्रत्यक्ष पाहू द्या. गरोदरपणात तुमची झोप आणि बीपी सांभाळायला त्याला हे माहीत असणं गरजेचं आहे.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्या मित्राचं जुनं सी-पॅप तो माझ्यासाठी आणतोय. लावू का? आमच्याकडे रात्री लाईटही जाते.
— एक निवृत्त वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : काका, मशीन आलं की आधी त्याचं नाव आणि मॉडेल बघा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने लाखो सी-पॅप आणि बायपॅप परत मागवली. आवाज दाबायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासातून जाण्याची भीती होती. पहिल्या पिढीची ड्रीमस्टेशन त्यात होती. तसं असेल तर लावू नका. दुसरं, त्याच्यात दाब त्या मित्राच्या घशासाठी ठेवलेला असेल, तुमच्यासाठी नाही. तुमच्या टेस्टचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडून तो बदलून घ्या. मास्क, नळी आणि फिल्टर नवे घ्या, दुसऱ्याचे वापरू नका. अ‍ॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या प्लगला चालेल, फक्त पिन बदलावी लागेल.

मित्राने ते का सोडलं हेही मुलाला विचारायला सांगा. अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, पहिल्या ९० दिवसांतले सलग ३० दिवस बघते आणि त्यातल्या ७० टक्के रात्री किमान चार तास मशीन लावलं नाही तर पैसे थांबवते, त्यामुळे तिथेही पुष्कळांची मशीन पडून राहतात. त्याला ज्या कारणाने जमलं नाही ते कारण तुम्हालाही येऊ शकतं, आधी कळलेलं बरं.

लाईट गेली तर जीव गुदमरत नाही. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, नाकाच्या मास्कमध्ये तोंडाने श्वास घेता येतो, आणि बहुतेकांना जागच येते. घरी इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखीच सुरळीत वीज देणारा, आहे का ते बघा. रात्र काढायची असेल तर ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद ठेवा, बॅटरी खाणारे तेच दोन असतात. मशीन आलं की रिपोर्ट आणि मॉडेल नंबरचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, दाबाविषयी काय विचारायचं ते मी लिहून कळवेन.